देवाखालचा मासा

एसटीत नेवंदकाकांच्या शेजारी बसायचं असेल तर खिडकी त्यांना सोडावी लागे. मांडीवर एक कापडी पिशवी, पिशवीत तांदूळ आणि साखर एकत्र केलेली, आणि उजवा हात कायम त्या पिशवीत. बस गावाबाहेर पडून पहिला तलाव दिसला की हात खिडकीबाहेर जाई, मूठ पाण्याच्या दिशेनं उघडे आणि काका डोळे मिटून मान झुकवत. याला ते 'अखो' म्हणत. सिंधी माणसानं पाण्याजवळून जाताना पाण्याला काहीतरी द्यायचं, तसंच पुढे निघून जायचं नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज.

सिंधमध्ये हे सोपं गेलं असेल. तिथे एक मोठी नदी. आमच्या भंडारा जिल्ह्यात तलाव संपला की बोडी लागते, बोडी म्हणजे शेताकडेचं लहान तळं, आणि बोडी संपली की कालवा. आसगाव करत लाखांदूरच्या बाजाराला पोचेपर्यंत काकांचा हात आत येत नसे. त्यात वारा उलटा असला की तांदूळ मागच्या खिडकीतून परत गाडीत. मागच्या बायका लग्नात बसल्यासारख्या अंगावर अक्षता घेत बसून राहत, आणि घरी गेल्यावर त्यांच्या केसांत मुंग्या निघत.

"काका, अख्खी पिशवी एकदाच टाकून द्या ना जी," कंडक्टर म्हणे. "तलाव तलाव काहून करता?"

"तुले सालभराचं जेवण एकाच दिवशी वाढू काय?" काका विचारत आणि पुढच्या बोडीसाठी मूठ भरून ठेवत.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर. वैनगंगेच्या काठच्या या तालुक्याच्या गावी त्यांची बदली झाली तेव्हा मी नागपूरला नन्सच्या शाळेत होते. कॉलेजही तिथेच झालं, प्राणिशास्त्र घेऊन, आणि मग मी घरी आले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गावात माझी कुणाशी ओळख नव्हती. बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवून बघत असे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे.

नेवंदकाका निघून जात नसत. ते आमच्याकडे यायचे बाबांसाठी. पाण्याच्या खात्यातला साहेब म्हणजे त्यांच्या लेखी जवळजवळ पुजारीच. चपला फाटकाबाहेर काढून, हातातला कापड मोजायचा लोखंडी गज भिंतीला टेकवून ते व्हरांड्यात उभे राहत. उंच, काटकुळे, पांढरा पायजमा, आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा सदरा. आठवडी बाजारात लुगडी आणि खणांची दुकानं मांडून मांडून मराठी शिकलेले, त्यामुळे त्यांच्या तोंडी झाडीपट्टीची बोली असे आणि चाल सिंधी.

"साहेब, आपल्या जिल्ह्यात तलाव किती हायेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

बाबांना असा प्रश्न कुणी विचारत नसे. ते खुलले. सरकारी तलाव, मालगुजारांनी बांधलेले मामा तलाव, गावोगावच्या बोड्या असं सांगत गेले. काका ऐकता ऐकता खांबाला टेकले.

"मंग मले तांदूळ पुरून नाई राहिले त्यात माही चूक नाई," असं म्हणून ते अगदी हलक्या मनानं घरी गेले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पानी हाये ना? मंग रस्ता हाये." हे ते कशालाही लावत. बाजारात पाऊस आला, दुकान गळलं, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाला पोटाचा विकार झाला, तरी काका तेच म्हणत. पोटाच्या विकाराला ते लागूही पडे.

मला ते 'अमां' म्हणत. पन्नाशीच्या माणसानं बावीस वर्षांच्या मुलीला आई म्हणावं, याचा पहिल्यांदा मला फार संकोच वाटला. मग त्यांची बायको लाजवंतीकाकी म्हणाली की सिंधमध्ये लाडक्या मुलीला अशीच हाक मारतात. तेव्हा आणखीच संकोच वाटला.

एक दिवस काका बाबांकडे न बघता थेट माझ्याकडे आले.

"अमां, तू इंग्लिश शाळेतली. आमच्या मंदिराचा इतिहास लिहून दे. संगमरवरात कोरायचा हाये."

"मराठीत नको का?" मी विचारलं.

"मराठी सारे बोलून राहिले. बोलून बोलून शब्द घासते. इंग्लिश गावात कोनीच बोलत नाई, ती टिकते."

अशा रीतीनं मी रोज दुपारी नदीकाठच्या त्या अर्धवट देवळात जाऊन बसू लागले. पोचल्याबरोबर काकी आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे करी. पापड संपल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, हाही रिवाज. मग काका इतिहास सांगायला बसत. पहिल्या दिवशी इतिहास सृष्टीत नुसतं पाणी होतं तिथून निघाला आणि संध्याकाळपर्यंत सिंधू नदी हिमालयाबाहेर आली. मी कोरायच्या दगडाचा विचार करून घाबरले.

पण हळूहळू माणसं आली. फाळणीनंतर सक्खरकडच्या नदीकाठच्या खेड्यांतून निघालेली काही कुटुंबं, आधी एका छावणीत, आणि मग इथे. इथे का, असं मी विचारलं. काका म्हणाले, गाडीत एक जण म्हणाला की तिकडे पाणी खूप आहे. बस, तेवढंच. कुणाची ओळख नाही, भाषा नाही, धानाचा दाणा कसा पेरतात ते ठाऊक नाही. पाणी आहे म्हणून उतरले.

त्यांच्या देवाचं नाव झुलेलाल. पांढरी दाढी, हातात पोथी, आणि खाली मासा. माशावर कमळ आणि कमळावर देव. नदीचा देव, बुडणाऱ्यांचा देव. गावाला हा देव ओळखता येईना. काहींना तो पीर वाटला, काहींना ऋषी. पहिल्यांदा त्याला आपला म्हटलं ते ढिवरांनी. वैनगंगेत जाळं टाकणारा गोमाजी तसबीर बघून म्हणाला, "माशावर बसते म्हंजे आमच्यातलाच होय." तेव्हापासून तो जाळं टाकायच्या आधी काकांच्या दुकानाकडे तोंड करून हात जोडत असे. देव त्या दुकानातच होता, खणांच्या गठ्ठ्यांमागे एका फळीवर, दिव्यासकट.

वाकडं बोलणारेही होते. "ज्याच्यावर देव बसते तेच खाता काय जी तुम्ही लोक?" बाजारात एकानं टोमणा मारला होता.

"वाहन त्याचं, नदी त्याची, पोट बी त्याचंच," काका म्हणाले. "तू कायले हिशेब ठेवतं?"

देऊळ बांधायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. अमावास्येनंतर चंद्राची पहिली कोर दिसली की सिंधी घरांत 'चंड' असतो. त्या संध्याकाळी माणसं नदीवर येऊन पाण्याला अखो देतात. काकांनी ठरवून टाकलं की त्याच संध्याकाळी प्रत्येक घरानं विटा आणायच्या, आणि जेवढ्या विटा आल्या तेवढंच बांधकाम, पुढचं पुढच्या चंद्राला. गवंड्यांनी डोक्याला हात लावला. ढगाळ दिवसांत कोर दिसली नाही तर काम होत नसे. कुणाच्या घरी सुतक असेल तर त्यांच्या विटेची जागा मोकळी राही आणि ती पुढच्या महिन्यात भरली जाई. असं करत करत भिंती उभ्या राहिल्या. उन्हात बघितलं की थर वेगवेगळे दिसत. हा पावसाळ्यातला, जरा काळपट, हा उन्हाळ्यातला, फिका. मी चर्चेस पाहिली होती, नागपुरातली मोठी देवळं पाहिली होती. चंद्राच्या चालीनं वर चढलेली भिंत पाहिली नव्हती. हात लावायलाही मला भीती वाटे.

आता भिंती झाल्या होत्या, छत झालं होतं, जयपूरहून हातभर उंचीची संगमरवरी मूर्ती आली होती. अडलं होतं माशावर.

मूर्तीबरोबर जयपूरकरांनी मासाही पाठवला होता. ते वाळवंटातले कारागीर. त्या माशाला पापण्या होत्या आणि तो गालात हसत होता.

"हा मासा नाई," काका म्हणाले, "ही नवरी हाये."

मग काम लहानू मिस्त्रीकडे आलं. लहानू सुतार तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करायचा. पोरं दोरी बांधून ओढतात ते चाकांवरचे नंदी. जिल्ह्यात त्याच्या बैलांना तोड नव्हती. सागवानाचा त्याचा पहिला मासा फार देखणा झाला, फक्त त्याला वशिंड होतं.

"लहानू, याले चाकं लावायचे राहिले," काका म्हणाले.

"हात वळते तिकडेच जाते ना जी," लहानू ओशाळून म्हणाला. "बैल सोडून दुसरं काही केलंच नाई मी."

पुढचा मासा त्यानं गोमाजीनं आणलेला रोहू समोर ठेवून केला. काका त्याच्याभोवती फिरले, वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "हा धारेसंगं खाली जाणारा मासा हाये. चेहरा पाहा, कसा सुखी. आमचा सिंधूतला पल्ला मासा धारेच्या उलटा जाते. समुद्रातून निघते अन् वरतं चढते, देवाच्या दर्शनाले. दर्शन झाल्याबिगर त्याच्या अंगाले चांदी येत नाई."

त्यानंतरचा मरळ माशासारखा झाला, तो म्हणे निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसतो. आणखी एक झाला तो फार भित्रा.

"पण काका, पल्ला असते तरी कसा?" लहानू अगदी रडकुंडीला येऊन विचारी.

"तो... असा असते," काका दोन्ही हात पसरत. हात हवेत काहीतरी आकार काढत आणि मध्येच थांबत. "आला समोर की समजते."

समोर येणार, यावर मात्र त्यांचा विश्वास होता. एकदा त्यांनी बाबांना विचारलं होतं की वैनगंगा पुढे कुठे जाते. बाबांनी नकाशा काढला. वैनगंगा वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात.

"म्हंजे समुद्रातून इथवर रस्ता हाये."

"रस्ता आहे हो, पण खाली गोदावरीवर बंधारा आहे. मासा चढणार नाही."

"पुरात?"

बाबा खोटं बोलत नसत. ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. "पुरात काय होईल ते सांगता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

गावात काकांनी सांगितलं की सरकारी साहेबांनी मंजुरी दिली आहे. तेव्हापासून रोज सकाळी ते घाटावर जाऊन गोमाजीचं जाळं तपासत. गोमाजी एकेक मासा उचलून दाखवी. काका मान हलवीत.

"काका, तुमचा पल्ला येऊन नाई राहिला जी. गाडी चुकली असंन त्याची."

"येईल. लांबून येऊन राहिला."

मला हे सगळं हसू येण्यासारखं वाटायला हवं होतं. पण सकाळच्या उन्हात पाण्याशी उभा असलेला तो उंच माणूस, समुद्रापासून आपल्या गावापर्यंतच्या सगळ्या नद्या मनात धरून बसलेला, त्याला बघताना माझ्या अंगावर काटा येई.

सिंधी पंचायतीतली वडीलधारी मंडळी मात्र कंटाळली होती. संगमरवरी देव गादीत गुंडाळून दुकानात बसला आहे, बायका ब्लाउजपीस घेता घेता तसबिरीचं दर्शन घेतात, हे किती दिवस चालायचं? ज्यांनी पहिल्या विटा आणल्या त्यांतले काही आता राहिले नव्हते. पंचायतीनं काकांना सांगितलं, या चेटीचंडला देव बसवायचा. चेटीचंड म्हणजे त्यांचा नवीन वर्षाचा सण, आपल्या पाडव्याच्या सुमाराला येतो. मासा असो वा नसो, नुसत्या चौथऱ्यावर बसवू.

"माशाबिगर?" काका म्हणाले. "नदीच्या देवाले जमिनीवर बसवू?"  मला सांगायचा इतिहास तिथेच थांबला. मासा बसल्याशिवाय शेवटचं वाक्य सांगता येत नाही, म्हणाले.

त्या महिन्यात मी कॉलेजच्या काही कामासाठी नागपूरला गेले. तिथे लायब्ररीत एकदम मला सुचलं. पल्ला म्हणजे बंगालमध्ये ज्याला इलिश आणि इंग्रजीत हिल्सा म्हणतात तोच मासा. माशांवरच्या एका जाड पुस्तकात त्याचं अख्ख्या पानभर चित्र निघालं, रंगीत. पुस्तक मैत्रिणीच्या कार्डावर घेतलं आणि बसमध्ये सगळा रस्ता मांडीवर धरून बसले. मला फार आनंद झाला होता. काकांचा चेहरा कसा होईल तेच मी बघत होते.

देवळात काका एकटेच होते. काकी मागच्या बाजूला तांदूळ निवडत होती. मी काही न बोलता पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. चित्राखालचं नाव इंग्रजीत होतं, ते त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला. चित्र जवळ धरलं, लांब धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं.

"सुंदर हाये," ते म्हणाले. "कोणता मासा हाये हा, अमां?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझी गंमत करत नव्हते. उत्तराची वाट बघत होते, एखाद्या अनोळखी पाहुण्याचं नाव विचारावं तसं.

"समुद्रातला आहे कुठलातरी," मी म्हणाले. "मला वाटलं, लहानूला उपयोग होईल."

"चांगला हाये. पण आमचा वेगळा असते." त्यांनी पुस्तक परत दिलं आणि गज उचलून ते नदीकडे निघून गेले.

मी तशीच उभी होते. काकी सूप घेऊन आली, आणि माझ्या हातातलं उघडं पान तिला दिसलं. सूप तिनं खाली ठेवलं.  तिनं बोट माशाच्या पोटावर ठेवलं आणि हळूहळू सरकवलं.

"यहां से काटते हैं," ती म्हणाली. "इधर पेट पर धार होती है, आरी जैसी. हाथ कटता है. और कांटे, बाप रे, बाल जैसे। मायके में मैं और मेरी बहन, दोनों बैठकर साफ करते थे." मग तिनं पान मिटलं. "पूछा उन्होंने, कौनसा है?"

मी होकारार्थी मान हलवली.

"उनको मत बताना, बेटा।"

ती पायरीवर बसली. मीही बसले. ती मोजकं बोलणारी बाई होती, आणि मीही. 

"अठरा-उन्नीस के थे जब निकले," ती मग म्हणाली. "मर्द लोग तो थाली में देखते हैं, कटा हुआ। पहले गली का नाम गया उनका. फिर घाट पर कितनी सीढ़ी, वो गया। अपनी मां का चेहरा भी आधा गया है, बोलते नहीं हैं. मछली भी गई। उनको मालूम है कि गई. इसलिए हर बार ना बोलते हैं. हां बोल दिया और गलत निकली तो?"

म्हणून तो हात हवेत मध्येच थांबत होता. म्हणून रोज सकाळी ते जाळ्यात बघत होते. समोर आला की समजेल, एवढीच त्यांची आशा होती, आणि आज तो समोर येऊन गेला होता.

"तुम्ही का नाही सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "सारे गांव को वो सिंध बताते हैं. मैं उनको बताऊं?"

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक लहानूला नेऊन दाखवलं. त्यानं ते उलटसुलट केलं. "बाई, हा एका अंगानं हाये. पाठीकडून कसा दिसते? वरतून कसा? कागदाले जाडी नाई, मी कोरू काय?"

मी परत काकीकडे गेले. तिनं ऐकून घेतलं आणि परातीत कणीक घेतली. सणाला देवापुढे जो दिवा लावतात तो त्यांच्यात कणकेचाच करतात, त्यामुळे कणकेला आकार देणारा तिचा हात पक्का होता. पाणी जरा कमी, तेलाचं बोट, आणि ती मळत बसली. मग गोळा लांबवला, दोन्ही बाजूंनी दाबला. पाठ वर जराशी फुगीर, पोट खाली जास्त. पोटाच्या कडेला चिमटीनं बारीक दाते काढले. अंगठ्याच्या नखानं खवले उमटवले, एकाआड एक, शेपटीकडून डोक्याकडे. शेवटी वरच्या ओठाला मधोमध नखानं एक खाच दिली. हे सगळं करताना तिचे डोळे परातीवर नव्हते. समोर भिंत होती, तिकडे बघत होती. मासा तिच्या हातांखाली तयार होत होता. कॉलेजात मी किती मासे चिरले होते. एकही असा जिवंत पाहिला नव्हता.

"लहानू को बोलना, किताब में से तूने बनाया," ती म्हणाली.

"मी? मला पोळीसुद्धा येत नाही."

"उसको क्या मालूम."

लहानूनं कणकेचा मासा दोन्ही हातांत घेतला, सगळ्या बाजूंनी फिरवला. मग माझ्या बोटांकडे पाहिलं आणि पटाशी उचलली. चेटीचंडच्या आदल्या संध्याकाळी सागवानाचा मासा देवळात आला. वशिंड नव्हतं.

सकाळी सगळी सिंधी घरं जमली होती, निम्मं गाव होतं, गोमाजी नवीन टोपी घालून पुढेच उभा. गादीत गुंडाळलेला देव दुकानातून वाजतगाजत आला होता. चौथऱ्यावर मासा झाकून ठेवला होता. पंचायतीतले एक आजोबा म्हणाले, "नेवंद, बघ आणि सांग. हो म्हण की नाही म्हण, आज देव बसणार." लहानूनं कापड काढलं.

काका पुढे झाले. मला वाटलं ते माशाकडे बघतील. त्यांनी एकदा बघितलंही, पण ओझरतं. मग त्यांनी मान वळवली. बायकांच्या घोळक्यात काकी डोक्यावर पदर ओढून बसली होती. काका सगळ्या गावासमोर, देव तसाच हातांवर धरून उभी असलेली माणसं ताटकळत असताना, तिच्याकडे बघत उभे राहिले. चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. म्हणजे त्यांना कळलं होतं. कधी, कसं, ते मला माहीत नाही. कणकेचा हात त्यांनी ओळखला असेल. इतकी वर्षं त्याच हातचं जेवत होते.

काकीनं मान वर केली नाही. पदर सावरल्यासारखं केलं, आणि त्यातच तिची हनुवटी जराशी खाली गेली.

"हाच!" काका ओरडले. त्यांचा आवाज फुटला. "हाच तो! सक्खरचा पल्ला! पाहा रे, हाच!"

"आला काय जी शेवटी?" गोमाजी ओरडला, आणि मग ढोल सुरू झाले. देव बसला. मी एका खांबाआड उभी होते. आपल्या नदीपासून इतक्या दूर आलेल्या माणसांनी एका न दिसणाऱ्या नदीवर देव बसवला होता आणि तो तिथे बसलेला मला दिसत होता.  

दुपारी गोड भात खाऊन सगळे घरी गेले. माझी ओढणी देवळात राहिली होती, ती आणायला मी परत गेले. आत गारवा होता, दिवा तेवत होता. काका चौथऱ्यापाशी मांडी घालून बसले होते आणि त्यांचं बोट माशाच्या अंगावरून हळूहळू फिरत होतं. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. शेपटीपर्यंत गेले की पुन्हा डोक्यापासून सुरुवात. शेजारी काकी भिंतीला टेकून बसली होती.

माझी चाहूल लागली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पाठ करून राहिलो, अमां," ते म्हणाले.

बोट पोटापाशी येऊन अडखळलं. काकीनं हात पुढे केला, त्यांचं बोट धरलं, आणि खालच्या कडेच्या दात्यांवर नेऊन ठेवलं.

"हिते," ती म्हणाली. इथे.

मी ओढणी न घेताच बाहेर आले.